मडकं कधी उतरवायचं

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात पावसाचा भरवसा नसतो. कधी कधी वर्षानुवर्षं जमीन करपून पडलेली असते आणि मग एखाद्या आठवड्यात धो धो कोसळतो. काही दिवसांत गवत उगवतं, काही आठवड्यांत त्याला दाणा भरतो आणि त्या दाण्याच्या मागावर हिरव्या-पिवळ्या बजरीगरांचे थवे लांबलांबून येऊन उतरतात. हजारोंनी, कधी त्याहूनही जास्त. निलगिरीच्या कुळातल्या झाडांच्या ढोल्या धरल्या जातात. एकाच झाडावर अनेक जोड्या नांदतात. दाणा आहे तोवर वीण चालते. पहिली पिल्लं उडाली आणि गवत अजून हिरवं असेल तर मादी पुन्हा अंडी घालते. गवत वाळलं की सगळं थांबतं आणि थवा पुढच्या पावसाच्या शोधात निघून जातो.

पक्ष्यांच्या पुस्तकांत या जातीचा विणीचा हंगाम उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण जून ते सप्टेंबर आणि दक्षिणेत ऑगस्ट ते जानेवारी असा दिलेला असतो. पण पाऊस पडला की हे महिने मागे पडतात. ३० ते ४० ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याचं शरीर तीन गोष्टींची वाट बघत असतं: भरपूर दाणा, अंधारी ढोली आणि शेजारी गाणारा नर. हे तिन्ही जुळलं की थांबायचं कारण त्याला माहीत नसतं. थांबवण्याचं काम निसर्गात दुष्काळ करतो.

आपल्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात दुष्काळ येत नाही. दाण्याची वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, ढोलीऐवजी मातीचं मडकं टांगलेलं. त्या पक्ष्याच्या हिशेबाने पाऊस थांबतच नाही. बजीची, म्हणजे या बजरीगराची, वीण घरात सहज होते म्हणून लोक खूश असतात. मला या लेखाच्या निमित्ताने जी घरं आणि दुकानं पाहायला मिळाली, त्यांतून माझं मत असं झालं की वीण सुरू करणं कुणालाही जमतं, पाळणाऱ्याची खरी परीक्षा ती बंद करण्यात असते.

हा पक्षी पिंजऱ्यात आला त्याला फार काळ झालेला नाही. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड आणि त्यांच्या चित्रकार पत्नी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेवरून १८४० मध्ये इंग्लंडला परतले, तेव्हा सोबत जिवंत बजी घेऊन आले. एलिझाबेथचे भाऊ चार्ल्स कॉक्सेन यांनी ते तिकडे वाढवले होते. पुढे जहाजं भरभरून पक्षी युरोपात आले आणि बघता बघता तिथेच त्यांची पैदास होऊ लागली. आज ऑस्ट्रेलिया आपले देशी पक्षी विक्रीसाठी बाहेर जाऊ देत नाही. जगभरच्या पिंजऱ्यांतले बजी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या मत्स्यालयाच्या दुकानापर्यंत ‘लव्हबर्ड’ म्हणून जी जोडी मिळते, ती बहुतेक वेळा बजीचीच असते. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, निराळा पक्षी.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून त्यांना काका म्हणू. त्यांच्याकडे बजींच्या चारच जोड्या आहेत आणि चारही पिंजरे वेगळे. सातवीत शिकणारी नात या घरची कारकून. कुठल्या जोडीने कधी अंडं घातलं, कोणतं फुटलं, पिल्लाचं वजन किती, हे सगळं तिच्या दोनशे पानी वहीत लिहिलेलं असतं.

काकांकडे पक्षी बघायला आलेला माणूस आधी विचारतो, नर कोणता? ते चोचीच्या वर बोट दाखवतात. नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो तो मोठ्या नराचा निळा असतो. मादीचा एरवी फिकट, पांढुरका निळसर आणि विणीवर आली की गडद तपकिरी, खरखरीत होतो. पिल्लांचा गुलाबी-जांभळट असतो. कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावरचे काळे पट्टे थेट या पट्ट्यापर्यंत आलेले असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसझड झाली की कपाळ स्वच्छ होतं. पुष्कळ दुकानांत या पट्टेरी कपाळाच्या पोरांच्याच ‘जोड्या’ विकल्या जातात, कित्येकदा एकाच मडक्यातली भावंडं. चार महिन्यांची मादी अंडं घालू शकते हे खरं आहे. पण तिची हाडं तेव्हा अजून भरलेली नसतात. काका वर्षाची झाल्याशिवाय मादीला मडकं दाखवत नाहीत.

मडकं ही आपल्याकडची रीत. कुंभाराकडचं छोटं मडकं, पोटाला भोक पाडलेलं, तारेने पिंजऱ्याला बांधलेलं. स्वस्त आहे, उन्हाळ्यात गार राहतं आणि बजीला ते ढोलीसारखंच वाटतं. पण आत डोकावता येत नाही, साफ करता येत नाही आणि तळ गुळगुळीत असतो. घट्ट पकड नसलेल्या तळावर वाढलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. असं पिल्लू आयुष्यभर दांडीवर नीट बसू शकत नाही. म्हणून काकांनी सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या: बाजूला भोक, तळाला वाटीसारखा खोलगट भाग, मागे सरकतं झाकण. तळाशी ते लाकडाचा जाड भुसा घालतात. मादी तो दोन दिवसांत चोचीने बाहेर फेकते, ते पुन्हा घालतात. तरीही घरात सगळे त्या पेटीला मडकंच म्हणतात.

पिंजऱ्यातली दांडी ही आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मिलन दांडीवर होतं. दांडी हलत असेल, गोल फिरत असेल, तर नराचा तोल जातो आणि अंडी रिकामी निघतात. आमच्या पक्ष्यांत काहीतरी दोष आहे म्हणत काकांकडे आलेल्या एका तरुणाला त्यांनी फक्त दांडी दोन्ही बाजूंनी घट्ट बसवायला सांगितली होती. त्यानंतरची अंडी भरलेली निघाली.

नर दिवसभर मादीजवळ बसून हळू आवाजात, न थांबता गुणगुणत असतो. डोकं वरखाली करतो, चोचीवर चोच मारतो, आपल्या घशातला दाणा तिला भरवतो. हे गुणगुणणं नुसती लाडीगोडी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बार्बरा ब्रॉकवे यांनी यावर प्रयोग केले. नराची ही गुणगुण ऐकवली की मादीच्या अंडाशयाची वाढ होते आणि ती अंडी घालते, असं त्यांना आढळलं. म्हणजे आवाज कानातून जाऊन शरीराच्या आत काम करतो. ढोलीतला अंधारही असाच काम करतो. ज्यांना वीण नको आहे त्यांनी मडकं काढून टाकावं, असं जाणकार सांगतात ते यासाठीच. नुसतं मडकं दिसलं तरी मादीचं शरीर तयारीला लागतं.

मादी मडक्यात शिरून तळ कुरतडू लागली की काकांच्या स्वयंपाकघरातही तयारी सुरू होते. एरवी राळे आणि बाजरी, थोडी वरई, असं कोरडं मिश्रण चालतं. आता रात्री भिजवून मोड आणलेले दाणे, कोवळं मक्याचं कणीस, कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, आणि उकडलेलं अंडं कुस्करून त्यात पावाचा चुरा. सूर्यफुलाचं बी ते देत नाहीत, त्यात चरबी फार. पिंजऱ्याच्या जाळीत समुद्रफेस अडकवलेला असतो. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळणारी ही पांढरी, हलकी चकती म्हणजे माकूल या समुद्री जिवाच्या आतलं कवच, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. विणीवर नसताना मादी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि अंड्यांच्या आधी तासन्‌तास किसत बसते.

कॅल्शियम कमी पडलं तर काय होतं ते काकांनी सुरुवातीच्या काळात पाहिलं आहे. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते, शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होते, ती कळा देते आणि अंडं बाहेर येत नाही. अंडं अडकलेली मादी काही तासांत जाऊ शकते. अशा वेळी तिला उबेत ठेवून तडक डॉक्टरकडे न्यावं लागतं. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये, ते आत फुटलं तर मादी हाती लागत नाही. पक्ष्यांचं जाणणारा पशुवैद्य शोधणं छोट्या गावांत अवघड आहे. मुंबईकरांना निदान परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचा आधार आहे. पेटी टांगण्याआधी डॉक्टरचा पत्ता हवा, ही काकांची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटली.

अंडी एक दिवसाआड येतात. चार ते सहा, कधी आठही. प्रत्येक अंडं जेमतेम दोन ग्रॅमचं, पांढरंशुभ्र. मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसायला लागते. सगळी अंडी झाल्यावर खुडूक होणाऱ्या कोंबडीची रीत इथे नाही. प्रत्येक अंडं सुमारे १८ दिवस घेतं, आणि ती एक दिवसाआड आली असल्यामुळे पिल्लंही एक दिवसाआड बाहेर येतात. मादी बसून राहते, नर बाहेरून तिला भरवतो. ती दिवसातून थोडाच वेळ बाहेर येते, विष्ठा टाकते, पाणी पिते, ओल्या कोथिंबिरीच्या जुडीवर लोळून अंग भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी परत अंड्यांवर जाते. कोरड्या हवेत ही ओल फार महत्त्वाची. कवचाच्या आतलं पातळ आवरण वाळून चिवट झालं तर पिल्लू आतच अडकतं.

अंडं भरलेलं आहे की नाही ते पाच-सहा दिवसांनी कळतं. मादी बाहेर आली की नात मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरते. भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, रिकामं अंडं नुसतं पिवळसर उजळतं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लं टाकून देतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. बजीच्या बाबतीत ती खरी नाही. रोज ठरल्या वेळी, मादी बाहेर असताना, शांतपणे आत पाहिलं तर ती मनावर घेत नाही. उलट न पाहणाऱ्यांच्याच पेटीत मेलेलं पिल्लू चार दिवस तसंच पडलेलं सापडतं.

मी गेलो होतो तेव्हा एका पेटीत पाचातली तीन फुटलेली होती. झाकण सरकवल्यावर आधी काहीच कळेना. मग दिसलं की भुशात एक गुलाबी, उघडावाघडा, मिटल्या डोळ्यांचा जीव पाठीवर पडला आहे, शेंगदाण्याएवढा. त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा चार दिवसांनी मोठं भावंड, आकाराने कितीतरी पट. आणि चौथ्या अंड्याच्या बोथट टोकाला चीर पडलेली. आतून अगदी बारीक चिवचिव ऐकू येत होती. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक टणक बारीक उंचवटा असतो. त्याने ते आतून कवचाला टोचे मारत, स्वतःभोवती फिरत, टोपी काढावी तसं कवचाचं टोक सोडवतं. यात तास जातात, कधी पूर्ण दिवस. घाई करून कवच सोलायला गेलात तर अजून आत न शोषलेल्या रक्तवाहिन्या फुटतात.

“आजोबा, ती आली,” नात म्हणाली. आम्ही झाकण लावून मागे सरलो.

यानंतर पेटीत जे चालतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. पाच पिल्लं, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांच्यात आठ-नऊ दिवसांचं अंतर. मोठ्याला पिसांची खुंटं फुटत असतात तेव्हा धाकटं नुकतं दोन ग्रॅमचं असतं. अनेक पक्ष्यांत असं अंतर म्हणजे धाकट्याचा मृत्यूच, कारण जो उंच मान करून ओरडतो त्याच्या तोंडात घास पडतो. बजीची मादी असं करत नाही. नवजात पिल्लांना ती आपल्या जठराच्या वरच्या भागात तयार होणारा, प्रथिनांनी भरलेला पातळ स्राव पाजते. थोड्या मोठ्यांना अर्धवट पचलेला दाणा आणि त्याहून मोठ्यांना जवळजवळ अख्खा दाणा. एकाच चोचीतून, वयाप्रमाणे. अगदी लहान पिल्लू पाठीवर पडलेलं असताना ती त्याच्या चोचीत चोच घालून त्याला भरवते.

१९८५ मध्ये जूडी स्टॅम्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भरवण्याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. बजीच्या माद्या लहान पिल्लांकडे जास्त लक्ष देतात आणि नर मात्र जे पिल्लू जास्त मागतं त्याला जास्त देतात, असं त्यांना दिसलं. पहिले दिवस नर पेटीत फारसा येत नाही, तो मादीला भरवतो आणि वाटप मादी करते. म्हणून धाकटं जगतं. काकांच्या घरी स्टॅम्प्स हे नाव कुणी ऐकलेलं नाही. पण नातीच्या वहीत रोज संध्याकाळी सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावरचं प्रत्येक पिल्लाचं वजन आहे, आणि शेवटच्या पिल्लाची ओळ पहिल्याच्या ओळीमागून थोडी खाली पण त्याच चढाने वर जाते. ते कागदावर बघताना मला गलबलून आलं.

पिल्लू दहा दिवसांच्या आसपास डोळे उघडतं. मग पिसांची खुंटं, नंतर पंख आणि शेपटी. वाढ इतक्या वेगाने होते की जन्माला दोन ग्रॅमचं असलेलं पिल्लू महिन्याभरात आईच्या वजनाला येऊन टेकतं. या काळात पाळणाऱ्याचं काम सफाईचं. पेटीत विष्ठेचा थर बसतो, ती पिल्लांच्या बोटांना वाळून चिकटते आणि नखं वाकडी होतात. वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला दाण्याचा लगदा साठून घट्ट झाला तर वरची चोच खालच्या चोचीच्या आत वाढू लागते. काका रोज प्रत्येक पिल्लाची चोच पाहतात, काही दिसलं तर कोमट पाण्यात बुडवलेल्या बोथट काडीने हलकेच काढतात. गळ्याखालची पिशवी भरलेली आहे का, हे झोपण्यापूर्वी पाहतात. ती रिकामी असेल तर आई-बापांपैकी कुणीतरी कामात कमी पडतंय. पाय फाकायला लागलेले दिसले तर पहिल्या दोन आठवड्यांत, हाडं मऊ असताना, दोन्ही पायांमध्ये स्पंजचा तुकडा घालून मऊ पट्टीने बांधतात. नंतर उपयोग होत नाही.

हाताने भरवलेली पिल्लं जास्त माणसाळतात म्हणून ती दुसऱ्या आठवड्यातच आईपासून काढून घ्यायची पद्धत हल्ली वाढली आहे. विकणारे त्याचे जास्त पैसे घेतात. मला हे पटत नाही. पातळ खाणं थोडं जास्त गरम झालं तर गळ्यातली पिशवी आतून भाजते, थंड झालं तर ते तिथेच आंबतं, आणि घाईत श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू तुमच्या हातातच मरतं. आई-बाप गेले असतील तर हा मार्ग धरावाच लागतो, तोही शिकून. नाहीतर माणसाळण्यासाठी दोन आठवड्यांनंतर रोज काही मिनिटं पिल्लू तळहातावर घेऊन बसणं पुरतं. काकांकडची पिल्लं उडायला लागल्यावर नातीच्या खांद्यावर येऊन बसतात, आणि ती एक दिवसही आईवेगळी राहिलेली नसतात.

एका पेटीतल्या भावंडांमध्ये या घरात चर्चेचा विषय झालेलं एक पिल्लू होतं. आई हिरवी, बाप हिरवा आणि हे आकाशी निळं. शेजारच्या काकूंनी पिल्लांची अदलाबदल झाली असणार असा निर्वाळा दिला होता. खरं कारण पिसांत आहे. बजीच्या पिसांत निळं रंगद्रव्य मुळात नसतंच. पिसाची सूक्ष्म रचना प्रकाश अशी विखुरते की ते निळं दिसतं, आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य असतं म्हणून आपल्याला हिरवं दिसतं. पिवळं काढलं की उरतं ते निळं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे पिवळं बनवणाऱ्या एका प्रथिनात एकाच ठिकाणी बदल झाला की पिवळं तयार होत नाही. आई आणि बाप दोघांकडून हा बदललेला जनुक आला तरच पिल्लू निळं होतं. एकाकडूनच आला तर पक्षी हिरवा, पण आत निळा घेऊन फिरणारा. अशा दोन हिरव्यांच्या पिल्लांत सरासरी चारात एक निळं निघतं. पहिला निळा बजी १८८० च्या आसपास बेल्जियममध्ये दिसला होता. आजचे आकाशी, जांभळट, करडे, पांढरे बजी तिथपासूनचे. नातीने वहीत चार चौकोन काढून हा हिशेब शेजारच्या काकूंना समजावून सांगितला आहे.

महिना उलटला की, साधारण ३० ते ३५ दिवसांनी, पिल्लं पेटीच्या भोकातून बाहेर येतात. इथे बापाची पाळी सुरू होते. पुढचे दहा-पंधरा दिवस पिल्लांना भरवायचं काम मुख्यतः तोच करतो. आणि इथेच घरगुती पैदाशीतली सगळ्यात मोठी चूक होते. कारण आई मोकळी झालेली असते.

शेवटचं पिल्लू पेटीत असतानाच मादी पुन्हा तळ कुरतडू लागते. दाणा आहे, ढोली आहे, नर गातो आहे. ती पुन्हा अंडी घालते. कधी पेटीत उरलेल्या पिल्लांची पिसं उपटते, कधी त्यांना जखमी करते, कारण तिला ती जागा हवी असते. लोकांना वाटतं मादी दुष्ट आहे. ती दुष्ट नाही, तिच्या लेखी हा पावसाचा काळ आहे आणि तो संपण्यापूर्वी आणखी एक घरटं वाढवायचं आहे. मडकं कायम टांगलेलं असेल तर ती वर्षात चार-पाच वेळा बसते. प्रत्येक अंड्याचं कवच तिच्याच हाडांतून येतं. मग अंडं अडकतं, पाय लुळे पडतात, पुढच्या पिल्लांची वजनं घटतात आणि सहा-आठ वर्षं जगू शकणारा पक्षी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका सकाळी तळाशी पडलेला मिळतो. घरचे हळहळतात आणि दुकानातून नवी मादी आणतात.

एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी अशी वसाहत पाहिली. एका मोठ्या पिंजऱ्यात पुष्कळ पक्षी आणि भिंतभर मडकी, बाराही महिने. बजीच्या माद्या ढोलीसाठी जिवावर उठून भांडतात. तिथे पायांची बोटं तुटलेल्या माद्या होत्या आणि डोक्यावर जखमा असलेली पिल्लं. मालकाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, पिल्लं निघतात ना, असं त्याचं म्हणणं. निघतात, हे खरं आहे. म्हणूनच ही पद्धत टिकली आहे.

काकांकडे नियम साधा आहे. शेवटचं पिल्लू बाहेर आलं की पेटी उतरते. नर पिल्लांसोबत राहतो, मादी वेगळ्या पिंजऱ्यात जाते, तिचं अंडं-पाव बंद होतं, साधा दाणा आणि पाला सुरू राहतो. संध्याकाळी लवकर कापड टाकून दिवस लहान केला जातो. पेटीविना दोन अंडी तळाशी टाकली तरी ती तशीच राहू देतात, कारण लगेच उचलली तर मादी भरपाई म्हणून आणखी घालते. एका जोडीला वर्षात जास्तीत जास्त दोन वेळा, आणि दोन्ही दिवाळीनंतर, होळीच्या आत. उन्हाळ्यात गॅलरीतली पेटी तापते आणि पिल्लं उष्म्याने मरतात. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. हिवाळ्याचे चार महिने या कामाला बरे.

दिवाळीत मात्र पेट्या रिकाम्या असाव्यात, असं काका सांगतात. फटाक्याच्या आवाजाने मादी अंधारात धडपडते, अंडी लाथाडली जातात. धुराचं तर विचारूच नका. पक्ष्याचं फुप्फुस हवेच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं, श्वासातलं विष त्याच्या शरीरात आपल्यापेक्षा फार लवकर भिनतं. या घरात पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती आणि डासांची कॉइल लागत नाही. नॉनस्टिकचा तवा तर घरातून गेलाच आहे, कारण तो जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात. उलट पक्ष्यांकडूनही माणसाला काही येऊ शकतं. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरणारा सिटॅकोसिस हा ताप फुप्फुसांवर जातो. पिंजरा साफ करताना आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा. घरात ताप हटत नसेल तर डॉक्टरांना पक्षी आहेत हे सांगायचं.

एवढी काळजी घेण्यापेक्षा सोडून का देत नाही, असा प्रश्न काकांना सोसायटीत नेहमी विचारला जातो. प्रश्न चांगल्या मनातून येतो. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पक्ष्यांना सन्मानाने जगण्याचा आणि आकाशात उडण्याचा हक्क आहे, असं म्हटलं होतं. आपला देशी पोपट पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, आणि तो असायलाच हवा. पण बजी डोंबिवलीच्या आकाशात सोडला तर दुसऱ्या दिवशी कावळ्याच्या किंवा शिक्र्याच्या तोंडी जातो, नाहीतर उपाशी मरतो. त्याला इथल्या झाडांची, इथल्या शत्रूंची ओळख नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याचं देणं दुसऱ्या रीतीने फेडावं लागतं: पंख पसरून उडता येईल एवढा लांब पिंजरा, रोज दारं-खिडक्या लावून पंखा बंद करून खोलीत मोकळं उडणं, दुसऱ्या बजीची सोबत, आणि जेवढ्यांना चांगलं घर देता येईल तेवढ्याच पिल्लांचा जन्म. शेवटची गोष्ट सगळ्यात कमी पाळली जाते.

म्हणून काका पिल्लं देताना चौकशी करतात. मुलाच्या वाढदिवसाला ‘एक जोडी’ हवी म्हणून फोन येतात. ते विचारतात, पिंजरा कुठे टांगणार, उन्हात की आत, सुटीत गावाला गेलात तर दाणा कोण घालणार, मूल कंटाळल्यावर पक्षी कुणाचा? उत्तरं बरी वाटली तर ते दोन नर देतात. दोन नर एकमेकांना भरवत, गात, मजेत राहतात, आणि अंड्यांचा प्रश्न येत नाही. कोवळ्या नराचा नाकावरचा पट्टा एकसारखा गुलाबी-जांभळा असतो, मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढुरकी कडा दिसते, त्यावरून सहा-सात आठवड्यांच्या पिल्लांतले नर ते ओळखतात. त्याआधी पिल्लू दिलं जात नाही. स्वतः दाणा सोलून खातंय हे काही दिवस सलग दिसावं लागतं, कारण वाटीत चोच घालणारं प्रत्येक पिल्लू खरोखर खात असतंच असं नाही.

जाताना सोबत त्याच दाण्याची अर्धा किलोची पिशवी मिळते, पहिले आठ दिवस खाणं बदलू नये म्हणून. आणि नातीने वहीतून उतरवून दिलेला एक कागद असतो. त्यावर अंडं फुटल्याची तारीख, आई-बापांचे रंग, घर सोडतानाचं वजन आणि खाली, मोठ्या अक्षरात, पक्ष्यांच्या डॉक्टरांचा फोन नंबर.